तुमच्या रिचार्जचा हिशेब कोण तपासतं? नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम हिशेबलेखनाचं. सातपूर आणि अंबडच्या लहान कारखान्यांच्या वह्या, जीएसटी, वर्षअखेरीची बॅलन्स शीट. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मी तासभर बसते आणि ज्याला जो कागद समजत नसेल तो समजावून सांगते. वीजबिलाखालोखाल लोक सर्वात जास्त आणतात ते फोनचं बिल किंवा रिचार्जचा मेसेज. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

फोन कंपनी खासगी आहे. तिच्या वह्यांत सरकार का डोकावतं?

निफाडकडे कुणी आपली जमीन वाट्याने कसायला दिली, तर सुगीच्या वेळी मालक खळ्यावर जातोच. किती पोती निघाली हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं, कारण त्याचा वाटा त्या पोत्यांवर ठरलेला असतो. फोन कंपनीचं नेमकं तसंच आहे. परवाना आणि ध्वनिलहरी (मोबाइलचे संदेश वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरी, बातम्यांतलं 'स्पेक्ट्रम') सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या, धंदा कंपनीचा, आणि उत्पन्नात सरकारचा वाटा.

सुरुवातीला तसं नव्हतं. १९९४च्या दूरसंचार धोरणानंतर खासगी कंपन्यांनी लिलावात मोठमोठ्या ठोक रकमा बोलून परवाने घेतले. पुढे त्या रकमा भरणं कुणालाच झेपेना. मग १९९९च्या नव्या धोरणात ठोक रक्कम जाऊन उत्पन्नातला वाटा आला. कंपन्यांनी ही सवलत आनंदाने घेतली. पण वाट्याची पद्धत आली की मोजणी आली, आणि मोजणीवरून भांडण आलंच.

माझ्या २९९ रुपयांच्या रिचार्जमधले सरकारकडे किती जातात?

कागद-पेन घ्या. २९९ मध्ये १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो. म्हणून २९९ भागिले १.१८, आले २५३ रुपये ३९ पैसे. ही कंपनीची मूळ रक्कम. उरलेले ४५ रुपये ६१ पैसे जीएसटी. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा महाराष्ट्राचा.

आता २५३.३९ वर परवाना शुल्क ८ टक्के, म्हणजे २० रुपये २७ पैसे. याचे पुन्हा दोन भाग पडतात: ५ टक्के दुर्गम भागातल्या सेवेसाठीच्या निधीत आणि ३ टक्के सरकारच्या तिजोरीत. दुसऱ्या कंपन्यांना द्याव्या लागणाऱ्या काही रकमांची वजावट असते, ती मी इथे धरलेली नाही. ध्वनिलहरींच्या लिलावाचे पैसेही वेगळे. पण ढोबळमानाने २९९ मधले ६५-६६ रुपये दोन सरकारांकडे जातात, असं समजायला हरकत नाही.

रिचार्ज करणाऱ्या दुकानदाराचं कमिशन कुठे गेलं, हा पुढचा प्रश्न असतो. तो फार महत्त्वाचा आहे, खाली येतोच.

बातम्यांमध्ये 'एजीआर' म्हणतात ती नक्की काय भानगड आहे?

एजीआर म्हणजे समायोजित ढोबळ महसूल. ज्या आकड्यावर सरकारचा वाटा काढायचा तो हा आकडा. भानगड एवढीच, की त्यात काय धरायचं आणि काय नाही.

कंपन्या म्हणत होत्या, फोनसेवेतून जे मिळतं तेवढंच धरा. दूरसंचार विभाग म्हणत होता, परवान्यात 'ढोबळ महसूल' लिहिलाय, त्यात बँकेतलं व्याज, लाभांश, जागेचं भाडं, मालमत्ता विकून झालेला नफा, भंगार विकून आलेले पैसे, विम्याचे दावे हे सगळं येतं. आणि त्यातच ते कमिशन आलं.

समजा, मेन रोडवरच्या एखाद्या दुकानात शंभर रुपयांचं रिचार्ज होतं. कंपनीने ते वितरकाला ९६ रुपयांना दिलेलं आहे. कंपनीच्या वहीत महसूल १०० लिहायचा की ९६? ९६ लिहिला तर सरकारचा वाटा ९६ वर. १०० लिहून ४ रुपये खर्च दाखवला तर वाटा १०० वर. एका रिचार्जला फरक ३२ पैशांचा, पण कोट्यवधी ग्राहक आणि वीस वर्षं धरली की तो कुठल्या कुठे जातो. आमच्या धंद्यात वजा करून दाखवणं आणि ढोबळ दाखवून खर्च टाकणं यातला फरक नव्या मुलांना शिकवताना मी हेच उदाहरण देते.

हे भांडण दूरसंचार लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात दीड दशक फिरत राहिलं. शेवटी २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार विभागाचं म्हणणं उचलून धरलं. त्याआधी त्याच वर्षी विभागाने न्यायालयात परवाना शुल्काची थकबाकी सांगितली होती सुमारे ९२,६४१ कोटी रुपये. त्यातलं मुद्दल किती होतं बघा: सुमारे २३,१८९ कोटी. व्याज ४१,६५० कोटी, दंड १०,९२३ कोटी आणि दंडावरचं व्याज १६,८७८ कोटी. म्हणजे मुद्दल जेमतेम चौथा हिस्सा. दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज काय करतं, हे सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ध्वनिलहरींच्या वापराचं शुल्क धरून हा आकडा पुढे १.४७ लाख कोटींच्या घरात गेला.

१ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने हे पैसे दहा वर्षांच्या हप्त्यांत भरायची मुभा दिली, शेवटची तारीख ३१ मार्च २०३१.

आता तरी नियम स्पष्ट झाले का?

बऱ्याच अंशी हो. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने व्याख्याच बदलली. १ ऑक्टोबर २०२१ पासून दूरसंचाराशी संबंध नसलेलं उत्पन्न आधी बाजूला काढलं जातं. व्याज दरमहा चढण्याऐवजी वर्षाला चढतं, दरही कमी केला आणि दंड काढून टाकला. पण हा बदल पुढच्या काळासाठी होता. मागची थकबाकी जुन्याच व्याख्येने राहिली.

माझं प्रामाणिक मत: ही व्याख्या १९९९ मध्येच नीट लिहायला हवी होती. करारात एक शब्द सैल सोडला की त्याची किंमत किती असते, हे या प्रकरणाइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आणि ती किंमत शेवटी वाढलेल्या रिचार्जमध्ये माझ्याकडून आणि तुमच्याकडून वसूल होते.

मग ही मोजणी करतं कोण? एकच अधिकारी सगळं बघतो का?

नाही, टप्पे आहेत.

पहिला टप्पा कंपनी स्वतः. दर तिमाहीला कंपनी स्वतःच आपला महसूल मांडते, त्यावरचं शुल्क काढते आणि भरते. पहिल्या तीन तिमाह्यांचं तिमाही संपल्यावर पंधरा दिवसांत. मार्च तिमाहीचं मात्र आधीच, २५ मार्चपर्यंत, अंदाजाने भरावं लागतं. फरक नंतर जुळवतात. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षकाचा दाखला लागतो.

दुसरा टप्पा दूरसंचार विभागाच्या संचार लेखा नियंत्रकांचा. यांची कार्यालयं परिमंडळनिहाय असतात (परिमंडळ म्हणजे फोनसेवेच्या परवान्यासाठी देशाचे पाडलेले विभाग). कंपनीने ज्या वजावटी मागितल्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीला रोमिंगपोटी किंवा कॉल जोडणीपोटी दिलेली रक्कम, त्यांचे पुरावे इथे तपासले जातात. बिल कुठे आहे, पैसे खरंच दिले का, ज्याला दिले त्याने त्याच्या वहीत ते धरलेत का. काम कंटाळवाणं आहे, पण वाटा गळतो तो याच जागी. ज्यांनी कधी जीएसटीचा परतावा जुळवत रात्री जागवल्यात त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

तिसरा टप्पा विशेष लेखापरीक्षण. परवान्यातच विभागाला असा अधिकार आहे, की शंका आली तर स्वतःचा लेखापरीक्षक नेमून वह्या उघडायच्या. २००९ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो वापरलाही गेला.

आणि चौथा टप्पा कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा.

कॅग तर सरकारी खात्यांचा हिशेब बघतं. खासगी कंपनीच्या वह्या कशा काय?

कंपन्यांनी हाच आक्षेप घेतला होता. जानेवारी २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि १७ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: ध्वनिलहरी ही देशाची संपत्ती आहे, तिच्यातून येणारा वाटा सरकारच्या तिजोरीत जातो, तो पूर्ण येतोय का हे बघायला ज्या वह्या लागतील त्या कॅगला बघता येतील. मात्र तेवढ्यापुरत्याच. कंपनीने पैसा शहाणपणाने खर्च केला की नाही, हे तपासणं कॅगचं काम नाही.

त्यानंतर २०१६ मध्ये कॅगचा अहवाल संसदेसमोर आला. २००६-०७ ते २००९-१० या चार वर्षांत सहा खासगी कंपन्यांनी मिळून ४६ हजार कोटींपेक्षा जास्त महसूल कमी दाखवला, असा निष्कर्ष त्यात होता. त्यामुळे सरकारला व्याजासह सुमारे १२,४८९ कोटी रुपये कमी मिळाले. कारणांच्या यादीत वितरकांचं कमिशन वजा करून दाखवणं होतंच. मेन रोडवरच्या दुकानातले ते चार रुपये आठवा.

ट्राय मग कशासाठी आहे?

ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, फेब्रुवारी १९९७ मध्ये स्थापन झालं. वाटा गोळा करणं त्याचं काम नाही. त्याला हिशेब हवा असतो तो वेगळ्या कारणासाठी: कोणती सेवा कंपनीला कितीला पडते, हे कळावं म्हणून.

कंपनीचा ताळेबंद बघितला तर सगळं एकत्र कालवलेलं असतं. मोबाइल, घरचा फोन, ब्रॉडबँड, लांब पल्ल्याचे कॉल. एका सेवेतला नफा दुसऱ्या सेवेचा तोटा झाकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ट्रायने २००४ मध्ये हिशेब वेगवेगळे मांडण्याचे विनियम आणले. २०१२ आणि २०१६ मध्ये ते नव्याने केले. मोठ्या कंपन्यांना सेवेनुसार आणि परिमंडळानुसार उत्पन्न, खर्च आणि गुंतवलेलं भांडवल वेगळं मांडून, लेखापरीक्षकाकडून तपासून द्यावं लागतं. टॉवरचा खर्च मोबाइलवर किती टाकला, ब्रॉडबँडवर किती, कशाच्या आधारावर, हे लिहावं लागतं.

याचा उपयोग काय? एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला की पूर्वी पहिली कंपनी दुसरीला पैसे द्यायची. २०१५ मध्ये हा दर मिनिटाला १४ पैसे होता, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. प्रत्यक्ष खर्च माहीत नसेल तर असा दर ठरवताना नियामक आंधळाच.

दर ठरवायला मात्र कंपन्या आज मोकळ्या आहेत. नवा प्लॅन आणला की सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचा, एवढंच बंधन. रिचार्ज महागलं की लोक ट्रायला बोल लावतात, म्हणून हे सांगितलं.

हे सगळं झालं सरकारच्या वाट्याचं. माझं बिल बरोबर आहे की नाही, ते कोण बघतं?

या प्रश्नासाठीच मी हे पान लिहायला घेतलं.

लोकांचा समज असा, की कॅग आलं, लेखापरीक्षण झालं, म्हणजे माझं बिलही तपासलं गेलं. तसं नाही. वरचे चारही टप्पे सरकारचा पैसा मोजतात. कंपनीने तुमच्याकडून ४९ रुपये चुकून जास्त घेतले आणि ते वहीत इमानदारीने महसूल म्हणून लिहिले, तर सरकारच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. त्या ४९ वरचा वाटाही पोचतो.

तुमच्या बिलासाठी वेगळी तपासणी आहे. ट्रायने २००६ मध्ये मीटरिंग आणि बिलिंगच्या अचूकतेचे विनियम केले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. ट्रायने ठरवलेल्या यादीतला लेखापरीक्षक दरवर्षी कंपनीची बिल बनवणारी यंत्रणा तपासतो. जाहीर केलेला दर आणि प्रत्यक्ष लावलेला दर जुळतो का, हे नमुन्यादाखल बघतो. यंत्रणेतच दोष सापडला तर ज्यांना ज्यांना त्याचा फटका बसला त्या सगळ्यांना पैसे परत करावे लागतात, तक्रार केली असो वा नसो. आणि ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचे पैसे कंपनीला ठेवून घेता येत नाहीत. ते ग्राहक शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतात. २००७ पासून असा निधी आहे.

पण नमुना म्हणजे नमुना. लाखो बिलांतून काही उचलली जातात. त्यात तुमचं असेलच असं नाही. तुमच्या एकट्याच्या बिलातली चूक तुम्हीच दाखवून द्यावी लागते.

सातपूरला एक जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, त्यांच्या वह्या मी लिहिते. पाच सिम, एकत्र पोस्टपेड बिल. तीन वर्षांपूर्वी खर्चाच्या नोंदी करताना दिसलं की एका सिमवर दर महिन्याला ४९ रुपये 'मूल्यवर्धित सेवा' म्हणून, म्हणजे मूळ प्लॅनबाहेरच्या जादा सेवेचे, लागतायत. ते सिम होतं लेथवरच्या वयस्कर कारागिराकडे. साधा बटणांचा फोन. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, मला तर मेसेज उघडायचापण येत नाही." अकरा महिने ते पैसे जात होते, ५३९ रुपये. आणि त्यावर जीएसटी. मालकांनी बिलाची शेवटची रक्कम तेवढी बघितली होती, आतली पानं कधी उलटलीच नव्हती. मीही पहिले दहा महिने एकूण आकडाच नोंदवला होता.

तक्रार केली, दुसऱ्या पायरीपर्यंत जावं लागलं, पण पैसे पुढच्या बिलात वळते झाले.

अशी सेवा आपोआप सुरू होऊ शकते का?

नियमाने नाही. २०१३ पासून ट्रायचा निर्देश आहे, की पैसे लागणारी कुठलीही सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची. सुरू झालेली सेवा बंद करायला १५५२२३ हा क्रमांक आहे. कंपनीने संमती घेतल्याचं सांगितलं, तर ती कधी आणि कशी घेतली याची नोंद मागा.

प्रीपेडला बिलच नसतं. हिशेब कसा मागायचा?

मागता येतो, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०१२च्या विनियमांनुसार प्रीपेड ग्राहकाने मागितलं तर मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब कंपनीने द्यायचा असतो: कोणता कॉल, किती पैसे, कोणती सेवा. त्यासाठी जास्तीत जास्त ५० रुपये घेता येतात आणि ३० दिवसांत तो द्यावा लागतो.

पंचवटीतल्या एका आजींचा बॅलन्स दर आठवड्याला गायब व्हायचा. नातवावर आळ आला होता, तो खेळतो म्हणून. दुकानात गेल्यावर "आमच्याकडे असं काही मिळत नाही" हे उत्तर मिळालं. लेखी अर्ज दिल्यावर मिळालं. परदेशी क्रमांकावरून आलेल्या मिस्ड कॉलला आजी परत फोन लावत होत्या, दर बुधवारी. त्यांचा भाचा परदेशात आहे, त्यांना वाटायचं त्याचाच फोन.

तक्रार कुठून सुरू करू?

कंपनीच्या तक्रार केंद्रापासून. फोन करा किंवा अॅपवर लिहा, पण डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो मेसेजने येतो. तो नसेल तर पुढे तुमची तक्रार झालीच नव्हती, असं धरलं जातं. शोरूममधल्या काउंटरवर तोंडी सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही.

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. पैसे लागत नाहीत. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. बरेच लोक पहिल्या नकारावर थांबतात. वर्कशॉपची तक्रार पहिल्या पायरीवर "सेवा ग्राहकाने सुरू केली" या एका ओळीत बंद झाली होती. अपिलात आम्ही संमतीची नोंद मागितली, ती त्यांना दाखवता आली नाही.

अपिलात काय लिहायचं? डॉकेट क्रमांक, बिलाची तारीख, कोणत्या ओळीतली किती रक्कम, आणि काय हवं आहे. एवढंच. मनस्ताप, फसवणूक, लूट हे शब्द भरून दोन पानं लिहिली की मूळ आकडा त्यात हरवतो.

ट्रायकडे थेट तक्रार करता येते का?

वैयक्तिक तक्रारी सोडवण्याचा अधिकार ट्रायला नाही. पत्र पाठवलंत तर ते कंपनीकडे धाडलं जातं. दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवरून जाता येतं, पण आधी वरच्या दोन पायऱ्या झालेल्या बऱ्या.

ग्राहक आयोगात फोन कंपनीविरुद्ध जाता येत नाही, असं एका वकिलांनी सांगितलं. खरं आहे का?

पूर्वी खरं होतं. २००९च्या एका निकालामुळे टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाच्या तरतुदीकडे बोट दाखवून आयोग अशा तक्रारी परत पाठवत असत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण दूर केली: ग्राहक आयोगात जाता येतं.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली, तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असो की मुंबईत, तुम्ही नाशिकच्या जिल्हा आयोगात जा. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ऑनलाइन दाखल करता येते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

नाशिक मुंबईच्या हिशेबात धरतात का?

नाही. मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आहे. नाशिक 'महाराष्ट्र' परिमंडळात येतं आणि त्यात गोवाही आहे. कंपनीचा परवाना, महसुलाचं विवरण, बिलिंगची तपासणी सगळं परिमंडळाप्रमाणे चालतं. म्हणून ट्रायच्या तिमाही अहवालात नाशिकचा वेगळा आकडा शोधू नका, महाराष्ट्राच्या ओळीत बघा. परिमंडळाचा महसूल तिथे छापलेला असतो.

जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज चालेल?

दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे. नाही चालणार.

बीएसएनएलचा हिशेब?

सरकारी कंपनी असल्यामुळे तिथे कॅगचा अधिकार पूर्ण आहे, फक्त महसुलापुरता नाही. शिवाय बीएसएनएलला माहिती अधिकार थेट लागू आहे. दहा रुपयांत अर्ज.

सरकारच एका खासगी कंपनीत मोठा भागधारक झालंय. मग तपासणी निष्पक्ष कशी?

प्रश्न रास्त आहे. व्होडाफोन आयडियाची देणी रोखीने वसूल करण्याऐवजी सरकारने ती समभागांत बदलून घेतली: २०२३ मध्ये १६,१३३ कोटींची, २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींची. आता सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ आहे. कारभार मात्र जुन्या प्रवर्तकांकडेच आहे. म्हणजे थकबाकी मागणारं सरकार, त्याच कंपनीत भागधारक सरकार, शेजारी बीएसएनएलचं मालक सरकार.

१९९७ मध्ये ट्राय वेगळं काढलं ते याच अडचणीतून, कारण तेव्हा फोनसेवा देणारं आणि नियम करणारं खातं एकच होतं. २००० मध्ये वाद सोडवण्याचं काम ट्रायकडून काढून स्वतंत्र लवादाकडे दिलं, तेही त्यासाठीच. माझ्या मते आज कॅग आणि ट्राय यांचे अहवाल वेळेवर आणि पूर्ण बाहेर येणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. भागधारक म्हणून सरकारला कंपनी जगायला हवी आहे आणि वाटेकरी म्हणून पूर्ण वाटा हवा आहे. या दोन्ही गोष्टींत ओढाताण होणारच, आणि ती लोकांना दिसली पाहिजे.

त्या ५ टक्के निधीचं काय होतं? सुरगाण्याला अजून रेंज नाही.

हा निधी २००२ पासून आहे. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, २०२३च्या दूरसंचार कायद्यानंतर त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. जिथे टॉवर टाकणं कंपनीला परवडत नाही तिथल्या सेवेसाठी तो आहे; ग्रामपंचायतींना जोडणारं भारतनेट याच पैशातून. पण गोळा झालेली रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जाते आणि संसदेने मंजूर केली तरच खर्चाला मिळते. जमा आणि खर्च यांत वर्षानुवर्षं मोठं अंतर राहिलेलं आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगराळ पाड्यांवर रेशनच्या अंगठ्यासाठी लोक मशीन घेऊन टेकडीवर चढतात. त्यांच्या प्रत्येक रिचार्जमधूनही ते ५ टक्के कापले जातात. मला या सगळ्या हिशेबात सर्वात जास्त टोचतं ते हे. ग्रामसभेत ठराव करून आपल्या खासदारांना द्या आणि त्यांना लोकसभेत नेमका प्रश्न विचारायला सांगा: या तालुक्यासाठी निधीतून किती टॉवर मंजूर, किती उभे, किती चालू. प्रश्नाचं लेखी उत्तर मंत्रालयाला द्यावंच लागतं.

कंपन्या सांगतात तेवढे ग्राहक खरंच असतात का?

ट्रायच्या मासिक अहवालात दोन आकडे असतात. एक, एकूण जोडण्या. दुसरा, त्या महिन्यात नेटवर्कवर प्रत्यक्ष सक्रिय दिसलेल्या. दुसरा बघा. खणात पडलेली सिमं पहिल्यात मोजलेली असतात.

खासगी कंपनीच्या वह्या मला बघायला मिळतील?

खासगी कंपनीला माहिती अधिकारात अर्ज करता येत नाही. पण तिने दूरसंचार विभागाला किंवा ट्रायला जे दिलं आहे, ते त्यांच्याकडे मागता येतं. व्यापारी गोपनीयतेचं कारण देऊन नकार येऊ शकतो, तरी प्रथम अपील जरूर करा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतात. त्यात 'आकस्मिक दायित्वे' ही टीप आधी वाचा. सरकारने मागितलेले पण कंपनीला मान्य नसलेले पैसे तिथे असतात.

जुनी बिलं किती दिवस ठेवू?

घरगुती ग्राहकाने दोन वर्षं तरी. ग्राहक आयोगात जायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि कॉलच्या नोंदी कंपन्यांनी दोन वर्षं ठेवाव्यात असा बदल डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात झालेला आहे. त्यापुढे वाद घालायला दोघांकडेही कागद उरत नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरायच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावीत, कारण बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर त्यातल्या कराची वजावट तुम्ही घेतलेली असते. क्रमांक नसेल तर आजच कंपनीला कळवून टाकून घ्या. सातपूरच्या त्या वर्कशॉपच्या बिलावरही तो नव्हता; ४९ रुपये शोधताना ते लक्षात आलं, आणि त्या वर्षी त्यांचे त्या ४९ पेक्षा बरेच जास्त पैसे पुढच्या बिलांपासून वाचले.